माईकवर काय, खिडकीवर काय

आण्णा,

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि आज मला तुमच्याशी कामाचं बोलायचं आहे. रडणं-बिडणं नाही, ते मी त्याच वर्षी उरकून घेतलं. मी लातूरला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, औसा रोडला दोन खोल्यांचं घर आहे, आई माझ्याकडेच असते. माझा गुडघा कुरकुरतो आणि जीभ तुमच्यापेक्षा तिखट झाली आहे असं आई म्हणते. तिचं खरं असेल. पण जीभ तिखट असल्याशिवाय मी जे काम करते ते होत नाही, हेही खरं. तुम्ही देगलूरच्या स्टँडवर कंट्रोलर होतात, माईकवरून गाड्या पुकारायचात, आणि कोणती गोष्ट माईकवर सांगायची आणि कोणती नाही हे दिवसातून पन्नास वेळा ठरवायचात. मी तेच करते, आण्णा. फक्त माझ्या स्टँडवर गाड्या नाहीत.

नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, "काय गोल गोल बोलून राहिलीस." आम्ही बारा जणांनी मिळून एक सॉफ्टवेअर बनवलं आहे. ज्यांना दिसत नाही त्यांच्या फोनवर जे काही लिहून येतं, ते हे सॉफ्टवेअर मराठीत मोठ्याने वाचून दाखवतं. फुकट आहे आणि उघडं आहे, म्हणजे आतून ते कसं बांधलंय हे कोणीही बघावं, चुका काढाव्यात, दुरुस्त करून द्याव्यात. बनवणारे एका ठिकाणी नाहीत. एक नांदेडला, दोघं पुण्यात, एक हैदराबादला, एक तर पार जर्मनीत, बाकीचे असेच विखुरलेले. कोणी कोणाचा नोकर नाही, पगार नाही, साहेब नाही. मग एकमेकांशी बोलायचं कसं? तर मेलिंग लिस्टवर. एकाने एका पत्त्यावर पत्र टाकलं की लिस्टवर नाव असलेल्या सगळ्यांना ते एकदम जातं. म्हणजे तुमचा भोंगाच समजा. बनवणाऱ्यांची एक लिस्ट, वापरणाऱ्यांची दुसरी. बनवणाऱ्यांच्या लिस्टची राखण माझ्याकडे आहे. बाहेरच्या माणसाचं पत्र आलं की ते आधी माझ्यापुढे येतं, आणि ते सगळ्यांना जाऊ द्यायचं की नाही हे मी ठरवते.

आता तुम्हाला वाटेल, यात ठरवायचं काय एवढं? अहो, लोक काहीही पाठवतात. दिवाळीच्या शुभेच्छा पाठवतात. फोन हरवला, शोधून द्या म्हणतात. एक गृहस्थ दर आठवड्याला स्वतःच्या कविता पाठवायचे, तुमचं मशीन वाचायला शिकलंच आहे तर माझं वाचू द्या म्हणून. सॉफ्टवेअर फोनमध्ये घालायचं कसं, हे तर रोज कोणीतरी विचारतंच. आणि आमचे बनवणारेही काही संत नाहीत. एकदा पुण्याच्या दोघांचं आवाज बाईचा ठेवायचा की पुरुषाचा यावरून असं जुंपलं की चार दिवस दुसरं कामच झालं नाही. हे सगळं त्या भोंग्यावरून सगळ्यांच्या कानात ओतलं, तर कामाची माणसं कान बंद करून निघून जातात. मी दोन लिस्ट अशाच मरताना बघितल्या आहेत. म्हणून माझा हात कडक आहे. लिस्टवरचे लोक मला घाबरून असतात आणि मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू? आणि हा कडकपणा मी कुठे शिकले हे तुम्हाला माहीत आहे. चौथीत होते मी.

आई तेव्हा खेड्यातल्या शाळेवर कामाला होती आणि पाचच्या गाडीने यायची. तोवर शाळा सुटली की मी तुमच्या केबिनमध्ये. पत्र्याचं टेबल, त्यावर माईक, धूळ जाऊ नये म्हणून माईकला गुंडाळलेली तुमची खिशातली दस्ती, आणि लाल बटण. खिडकीला जाळी, जाळीच्या खाली हात जाईल एवढी फट. तुम्ही मराठीत पुकारता, मग तेलुगूत, मग कानडीत, बिदरची गाडी असली की दखनीतही, आणि प्रत्येक भाषेत तुमचा आवाज जरा वेगळा होतो. खिडकीवर माणूस येतो, सायब, माईकात ह्ये सांगा, माईकात ते सांगा म्हणतो, आणि तुम्ही त्याला एकच विचारता: "ह्ये ऐकायचं कोनाला हाय?" पिशवी विसरली, तर ऐकायचं सगळ्यांना आहे, कारण कोणाला सापडली ते माहीत नाही. सांगा माईकवर. पाव्हण्याला चहाला बोलवायचंय, तर ऐकायचं एका पाव्हण्याला आहे. नाही सांगायचं.

त्या दिवशी एक म्हातारा आला. धोतर, पायातल्या चपला हातात, अर्धं मराठी अर्धं तेलुगू. त्याची सून भांडून घरातून निघाली होती आणि इथंच कुठेतरी स्टँडवर होती. "सायबा, माईकात बोला, सासरा न्यायला आलाय मनून." तुम्ही विचारलं, "काय नेसलीय?" तो म्हणाला, हिरवं. तुम्ही म्हणालात, "माईकवर न्हाई." आणि उठून बाहेर गेलात. जाताना मला म्हणालात, "कशाला हात लावू नको." मी बसले. जाळीपलीकडे म्हातारा धोतराच्या सोग्याने डोळे पुसत उभा. मला त्याची लई दया आली आणि तुमचा लई राग आला. पिशवीला माईक आणि माणसाला नाही, हा काय न्याय? मी खुर्चीवर चढले, लाल बटण चालूच होतं, आणि अगदी तुमच्या आवाजात सुरू केलं, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. हिरवं लुगडं नेसलेल्या आणि सासरी भांडून आलेल्या बाईने चौकशी खिडकीकडे यावे. तुमचे सासरे रडून राहिले आहेत."

सगळं स्टँड हसलं. रसवंतीवाला हसला, शेंगा विकणारी हसली, गाड्यांच्या टपावरून सामान उतरवणारे हसले. आणि सगळ्यांच्या माना हिरवं लुगडं शोधायला फिरल्या. ते लुगडं पाण्याच्या टाकीजवळ होतं. बाईने डोक्यावरचा पदर तोंडावर ओढला आणि जी गाडी हलत होती तिच्यात चढली. नांदेडची होती ती. तिचं सासर उदगीरकडे, माहेर बिदरकडे. नांदेडला तिचं कोणी नव्हतं, हे म्हाताऱ्याने नंतर कपाळावर हात मारत सांगितलं.

तुम्ही मला मारलं नाही. मारलं असतं तर मी विसरले तरी असते. तुम्ही मला खुर्चीवरून उचलून खाली ठेवलं, बटण बंद केलं, आणि माझ्यासमोर उकिडवे बसून म्हणालात, "ही आपली जीभ न्हाई बाई. हा सगळ्या स्टँडचा कान हाय. येकाचं घर सगळ्याच्या कानात वतायचं नसतंय." मग माझा हात धरून त्या म्हाताऱ्यासमोर नेलंत आणि चुकले म्हणायला लावलंत. मी म्हटलं. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला, ते तर आणखीनच वाईट. त्यानंतर मी त्या माईकला कधी हात लावला नाही, आणि मोठेपणी लिस्ट हातात आली तेव्हा पहिल्या दिवसापासून तुमचा तो कान माझ्या डोक्यात होता. ज्याचं सगळ्यांशी काम नाही, ते सगळ्यांना पाठवायचं नाही. दहा वर्षं मी याच जोरावर लिस्ट चालवली आणि चांगली चालवली.

आता या महिन्याचं. आमच्यातला जो सगळ्यात जास्त लिहितो, नांदेडचा, मला ताई म्हणतो, त्याने ठराव मांडला की बनवणाऱ्यांची लिस्ट बाहेरच्यांना बंदच करून टाकू. जो कोड लिहितो तोच लिस्टवर बोलेल. बाकीच्यांचं पत्र तिथं येणारच नाही, राखणीचा ताप नको. त्याचं म्हणणं अगदी चूक नव्हतं. तो दिवसभर नोकरी करतो आणि उरलेला वेळ आम्हाला देतो, त्यात त्याने कविता किती वाचायच्या? शेवटचा शब्द माझा, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. आणि मी मनातून हो म्हणूनच बसले होते. फक्त म्हटलं, कागद पक्का करावा. वापरणाऱ्यांची दुसरी लिस्ट आहेच, बाहेरच्यांचं तिथं नीट चालतंय, असं दोन उदाहरणं देऊन लिहावं. म्हणून मी ती दुसरी लिस्ट उघडली. खरं सांगते आण्णा, कित्येक महिन्यांनी उघडली. तिथं मला मुरुडचे, आपल्या लातूरजवळच्या मुरुडचे, चाचा सापडले.

मी त्यांना आधी भेटलेले होते. म्हणजे त्यांचं पत्र अकरा दिवसांपूर्वी माझ्याकडे येऊन गेलं होतं. मुरुडला त्यांचं शिलाईचं दुकान. काचबिंदूने नजर गेली, आता मशीनवर पुतण्या बसतो आणि चाचा गिऱ्हाइकांशी बोलतात. डोळे नाहीत म्हणून ते फोनला बोलून पत्र लिहितात, त्यामुळे पत्राला ना पूर्णविराम ना परिच्छेद, एकच लांबच लांब वाक्य. आधी सलाम, मग आमच्या मशीनचं, म्हणजे सॉफ्टवेअरचं, कौतुक, मग दुकान किती वर्षांचं, मग पुतण्याचा हात कसा साफ आहे पण अक्कल जरा उशिरा येते, आणि मग हे: पुतण्या मापं फोनवर पाठवतो, छाती साडेअडतीस, आणि तुमचं नवीन मशीन म्हणतंय तीनशे पंच्याऐंशी इंच, तर बेटा मी काय हत्तीला कुर्ता शिवायला घेतलाय का? एवढं वाचून मला हसू आलं आणि मी ते पत्र गप्पांच्या खात्यात टाकलं. पुढे वाचलं नाही. ठरलेलं दोन ओळींचं उत्तर धाडून दिलं, 'ही यादी केवळ विकासकांच्या चर्चेसाठी आहे. कृपया वापरकर्त्यांच्या यादीवर लिहावे.' खाली सही नाही. ते पत्र परत काढून त्याची शेवटची ओळ मी या वेळी वाचली. 'दवाईच्या निरोपातबी ह्ये आसंच वाचत आसंल का मनून जीवाला भीती वाटून राहिली.'

ते बिचारे सांगितल्यासारखे दुसऱ्या लिस्टवर गेले. 'हिकडं जा म्हनले मनून आलो,' अशी सुरुवात करून सगळं पहिल्यापासून परत सांगितलं. कोणी उत्तर दिलं नाही. तिथं कोणी बसतच नव्हतं, आण्णा. खिडकी होती, आत खुर्ची रिकामी. मग तिसरं पत्र, आधीपेक्षा लहान. चाचीला खोकल्याचं नवीन औषध दिलं, मेडिकलवाल्याने फोनवर लिहून पाठवलं, अडीच मिली, दिवसातून दोनदा. आकड्यात लिहिलेलं, दोन, ठिपका, पाच. आमच्या मशीनने ठिपका गिळला आणि सांगितलं पंचवीस मिली. चाचांनी दहा मिलीच्या झाकणाने मोजून अडीच झाकणं कपात ओतली आणि चाचीच्या हातात दिली.

मी कॉलेजच्या लॅबमध्ये बसून हे वाचत होते. समोर मुलं प्रॅक्टिकल करत होती. पुढची ओळ वाचायला मला धीर होईना. पुढं लिहिलं होतं, 'तुमची चाची शिकलेली न्हाई पन कपाकडं बघून मनली ह्ये दवा हाय का शरबत आन बाटली घेऊन तशीच मेडिकलवर गेली.' आण्णा, त्या न शिकलेल्या बाईने आम्हाला सगळ्यांना वाचवलं.

नांदेडला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, आईशप्पथ, ते नवीन आवृत्तीतलं आहे, माझ्याच हातचं." त्याने त्याच दुपारी दुरुस्त केलं. जुनं काढून नवीन लगेच सगळ्यांच्या फोनवर पाठवलं, दोन्ही लिस्टवर मोठ्या अक्षरात चूक कबूल केली आणि मधल्या दिवसांत औषधाचा आकडा कोणी मशीनवर ऐकला असेल तर मेडिकलमध्ये विचारून घ्या असंही लिहिलं. हे माईकवर सांगायचंच होतं, ऐकायचं सगळ्यांना होतं. पण मला तेवढ्याने चैन पडेना. दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसून मुरुडला गेले.

दुकान शोधायला काहीच त्रास झाला नाही, चाचांना सगळं मुरुड ओळखतं. गळ्यात टेप, पांढरी दाढी, आणि पुतण्यावर अखंड तोंडसुख. मी सांगितलं, चाचा, मी त्या मशीनवाल्यांपैकी, लातूरहून आले. ते उठूनच उभे राहिले. "आगं बया, मानूस आलं की! म्या तर मनलं तिकडं कोनी न्हाईच." घरात नेलं, चाचीने शेवेचा चिवडा आणि चहा दिला, आणि कप कोणता होता तोही आणून दाखवला. मी त्यांच्या फोनवर नवीन आवृत्ती घातली आणि मेडिकलचा निरोप वाचायला लावला. मशीन म्हणालं, "दोन पूर्णांक पाच दशांश मिली." चाचांनी तोंड वाकडं केलं. "ह्ये काय तहसीलदारासारखं बोलतंय? अडीच मन की सरळ!" मग माप ऐकवलं, तर "अडतीस पूर्णांक पाच दशांश." चाचा म्हणाले, "बेटा, मुरुडात आसं कोन बोलतं दाखव मला. साडेअडतीस. दीड. अडीच. पावनेदोन. मानसाच्या तोंडात जे हाय ते मशीनच्या तोंडात का न्हाई?" मी वहीत लिहून घेत गेले. पुतण्या दारातून हसत होता. इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं, आणि आम्ही सगळे मराठी बोलणारे.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसले होते. मुरुडच्या स्टँडवर कोणीतरी गाडी पुकारत होतं, आणि मला एकदम तुमची केबिन दिसली. मी जशी आजवर बघत आले तशी नाही. इतकी वर्षं मला त्या दिवसातलं काय आठवायचं? माझा आवाज, लोकांचं हसणं, तुमचं उकिडवं बसून बोलणं. त्या गाडीत पहिल्यांदा विचार आला, मी बटणापर्यंत पोचलेच कशी? तुमची खुर्ची रिकामी होती म्हणून. तुम्ही "माईकवर न्हाई" म्हणालात आणि उठलात. कुठे गेला होतात तुम्ही? टाकीकडेच की! तुम्ही त्या बाईपासून चार पावलांवर होतात जेव्हा मी बोलले. तुम्ही तिच्याजवळ जाऊन हळूच सांगणार होतात. मी तुमचं नाही म्हणणं तेवढं उचललं आणि उठणं विसरले. दहा वर्षं मी लोकांना खिडकीवरून परत लावत राहिले, तिकडं जा, तिकडं जा, आणि स्वतः जागची हलले नाही.

घरी येऊन आईला तुमची वही मागितली. निळ्या पुठ्ठ्याची, तुमच्या ट्रंकेतली. मला वाटायचं ती सरकारी कामाची असेल. आई म्हणाली, "छे, ती त्यांची सोताची. काय लिवायचे कोन जाने." आम्ही दोघी पलंगावर बसून वाचत होतो, म्हणजे मी वाचत होते आणि आई पदराने डोळे टिपत होती. 'म्हातारी, बिदर. औषधाची पिशवी राहिली. ड्रायव्हरच्या हातात दिली.' 'नवरा-बायको, लातूरची गाडी चुकली. उदगीरपर्यंत काळीपिवळीत बसवून दिले.' 'एक माणूस, बोलत नाही. दवाखान्यात नेऊन सोडला.' पानंच्या पानं. खिडकीवर आलेल्या ज्या ज्या माणसाला तुम्ही माईक दिला नाहीत, त्याचं पुढं काय केलंत ते. आणि मग तो दिवस. 'हिरवं लुगडं. नांदेडच्या गाडीत बसली. नांदेडच्या कंट्रोलरला फोन केला, उतरवून घेतो म्हणाला. सासऱ्याला मागच्या गाडीत बसवले. चूक माझी. माईक चालू ठेवून उठलो.' माझं नाव कुठेच नाही. आई म्हणाली, "काय गं, काय लिवलंय?" मी म्हटलं, काही नाही, गाड्यांचं आहे.

तर ठरावाचं मी ठरवलं, आण्णा, आणि यात मला जराही शंका नाही. लिस्ट बंद करायची नाही. पण मोकाटही सोडायची नाही, तुमची पोरगी आहे मी. बनवणाऱ्यांच्या लिस्टवर तेच जाईल ज्याने आमच्या हातचं काम बदलणार आहे. पुढं काय बांधायचं, कसं बांधायचं, काय मोडलंय. हे सांगणारा कोड लिहितो की कुर्ते शिवतो याच्याशी लिस्टला देणंघेणं नाही. शुभेच्छा, कविता, नोकरीच्या जाहिराती, फोनमध्ये कसं घालायचं आणि पुण्याच्या दोघांची भांडणं, हे तिथं नाही म्हणजे नाही. आणि ज्याचं पत्र तिथलं नाही, त्याला कोणीही 'तिकडे लिहा' म्हणून उत्तर धाडायचं नाही. जो नाही म्हणेल, त्यानेच ते पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं, उचलून योग्य जागी न्यायचं आणि उत्तर मिळेपर्यंत तिथं थांबायचं.

नांदेडवाला फोनवर म्हणाला, "ताई, असं प्रत्येकाला नेऊन सोडत बसलो तर कोड कधी लिहायचा?" मी म्हटलं, "आपण बारा जण आहोत, महिन्याला एकाची पाळी. तुझी पाळी आली की मी तुझ्या वाटणीचं करते, तू लिही. पण चाचीचा कप बघून आले आहे मी, मला हे शिकवू नको." तो मग म्हणाला, "पाळी लावा माझी पण. तो ठिपका माझ्याच हातचा होता." चांगला माणूस आहे, थोडा चिडका आहे इतकंच. आणि दीड-अडीच-साडेची गोष्ट मी चाचांच्या नावाने लिस्टवर टाकली, तर जर्मनीवालासुद्धा हिरिरीने बोलायला लागला, त्याची आजी कशी मोजायची ते सांगत. दहा वर्षांत एवढी कामाची चर्चा मी बघितली नव्हती.

इतकं सगळं छाती पुढे काढून लिहिलं. आता एक राहिलंय, ते मी मघापासून टाळून राहिले.

मुरुडला चहा पिताना चाचांनी विचारलं होतं, "बेटा, ते पहिलं दोन वळींचं उत्तर आलं ना मला, लई सरकारी, ते कोन लिवतं?" माझ्या तोंडात चहा होता. तो गिळून मी म्हटलं, "चाचा, ते कोणी लिहीत नाही. मशीन आपोआप पाठवतं." चाचा इतके मोकळे हसले, आण्णा. म्हणाले, "हां, मशीन व्हय! मग काय न्हाई. म्या इतके दिवस इचार करून राहिलो, मानसानं आसं लिवलं मंजे आपल्याच बोलन्यात काय तरी वंगाळ गेलं आसंल." आणि चाचीला हाक मारून सांगितलं, "ऐकलं का, मशीन होतं ते!" चाची म्हणाली, "म्या मनलंच व्हतं." मी चिवडा खात राहिले.

तुम्ही माझी चूक तुमच्या नावावर लिहून ठेवलीत आणि मला कधी कळू दिलं नाहीत. मी माझी चूक मशीनच्या नावावर घातली. हे तुम्हाला सांगायला बसले होते, म्हणजे सांगून हलकं वाटेल म्हणून. पण लिहिता लिहिता तुमचाच प्रश्न पुढे येऊन उभा राहिला, ह्ये ऐकायचं कोनाला हाय? तुम्हाला नाही. तुमच्याशी याचं काही काम नाही आण्णा, मी चुकीच्या खिडकीवर येऊन बसले आहे.

चाचांना मेल केली तर मशीनच ती वाचून दाखवणार. फोनवर मी परत काहीतरी सारवासारव करीन, माझं मला माहीत आहे. मुरुडची गाडी पावणेचारला आहे आणि सव्वातीन झाले. हे कागद वहीत ठेवते, तुमच्या त्या पानाशी, आणि चप्पल घालते.